गॅसची गोळी दोन आठवडे, त्यानंतर दुर्बीण



आपल्या तळोद्याच्या वस्तीत फिरताना सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही डोळे मिटून सांगू. "सिस्टर, पोटमा आग पडस." आणि त्यावरचा इलाज? मेडिकलच्या काउंटरवर जायचे, "गॅसची गोळी द्या" म्हणायचे आणि पट्टी खिशात टाकायची. कोणी महिनाभर खातो, कोणी वर्षभर. घरात मिठाच्या बरणीशेजारी गॅसच्या गोळीची पट्टी असणे आता नवलाचे राहिलेले नाही.

बहुतेकांना त्यातून काही वाईट होत नाही हे खरे. पण काही थोड्यांच्या बाबतीत ती जळजळ जठराच्या, म्हणजे अन्नपिशवीच्या कॅन्सरची पहिली खूण असते. गोळी ती खूण झाकून टाकते. हा लेख त्या थोड्यांसाठी आहे. आणि ते थोडे कोण, हे आधी कोणालाच माहीत नसते, म्हणून तो सर्वांसाठी आहे.

एका घरातले दोन भाऊ

नावे सांगत नाही. घर आपल्याच माणसांचे. थोरले भाऊ बावन्न वर्षांचे, हमाली करणारे. वर्षभर पोटात जळजळ, दोन घास खाल्ले की पोट भरायचे. "गॅस आहे" म्हणून गोळ्या चालू. कंबरेचा पट्टा दोन भोके आत गेला. सगळे म्हणाले, कामाचा ताण. चक्कर यायला लागली तेव्हा रक्त तपासले, हिमोग्लोबिन सातवर. तेव्हा आम्हीही रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि पालेभाजी खा म्हणून सांगितले. पन्नाशीच्या धडधाकट पुरुषाचे रक्त कमी का झाले, ते कुठून जाते आहे, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. ही चूक आमची आहे आणि ती लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा होणार नाही. दुर्बीण झाली तेव्हा आजार यकृतापर्यंत पोहोचला होता. सात महिन्यांत ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी धाकट्या भावाला आम्ही बाजूला घेतले. वय पंचेचाळीस. त्यांनाही अधूनमधून जळजळ होतीच. दोन महिने मागे लागलो. "दादा, तुम्ही एकदा दुर्बीण करून घ्या." ते चिडले, टाळले, शेवटी वहिनींनी हात धरून नेले. जठराच्या आतल्या अस्तरावर रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, थोडासा लालसर चट्टा होता. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्याला आता सहा वर्षे झाली. थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा खातात, ठरावीक काळाने बी-१२ चे इंजेक्शन घेतात आणि वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सर्वांत आधी येऊन बसतात.

आईवडील एक, वस्ती एक, चूल एक, आजारही एकच. फरक पडला तो आजार कोणत्या टप्प्यावर सापडला याचा.

लवकर म्हणजे किती लवकर?

जठराची भिंत थराथरांची असते. सर्वांत आत मऊ ओले अस्तर, त्याखाली दुसरा थर, मग स्नायू, मग बाहेरचे आवरण. कॅन्सर अस्तरात सुरू होतो आणि हळूहळू खाली उतरतो. जोपर्यंत तो पहिल्या दोन थरांत आहे आणि स्नायूपर्यंत पोहोचलेला नाही, तोपर्यंत त्याला सुरुवातीचा कॅन्सर म्हणतात. ही व्याख्या १९६२ मध्ये जपानी तज्ज्ञांनी केली आणि आज जगभर तीच चालते.

या टप्प्यावर सापडून नीट उपचार झाले तर जपानच्या अनुभवात शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत आजार जठरापुरता असताना सापडलेल्यांपैकी शंभरात सुमारे ७५ जण पाच वर्षे पार करतात. तोच आजार यकृतात किंवा दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर शंभरात दहाही उरत नाहीत.

सुरुवातीच्या टप्प्यातही सगळे रुग्ण सारखे नसतात. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो तो आजूबाजूच्या लसिका गाठींचा. कॅन्सर फक्त अस्तरात असेल तर शंभरातल्या दोन-तीन जणांच्याच गाठींत तो गेलेला असतो. एक थर खाली उतरला की हा आकडा वीसच्या आसपास जातो. म्हणजे एका कागदाएवढ्या थराने एवढा फरक पडतो. अस्तरापुरता आणि लहान असेल तर काही मोठ्या रुग्णालयांत पोट न फाडता, दुर्बिणीतूनच तो भाग खरवडून काढतात. खाली गेला असेल तर जठराचा काही भाग किंवा पूर्ण जठर, सोबत गाठी, काढाव्या लागतात. पेशींचा प्रकार कोणता, शस्त्रक्रिया अनुभवी हातांनी झाली का, रुग्णाच्या अंगात ताकद किती, नंतरच्या तपासण्या वेळेवर झाल्या का, यावरही पुढचे आयुष्य ठरते. शस्त्रक्रियेनंतर बिडी आणि दारू सुटली का, हाही त्यातलाच प्रश्न आहे.

२०२२ या एका वर्षात जगात जठराच्या कॅन्सरचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आणि ६ लाख ६० हजार मृत्यू नोंदले गेले. भारतात दरवर्षी ६० हजारांहून अधिक लोकांना तो होतो, आणि आपल्याकडचे बहुतेक रुग्ण उशिराच्या टप्प्यावर दवाखान्यात पोहोचतात.

धोका कोणाला जास्त?

पहिले कारण एक जिवाणू. त्याचे नाव एच. पायलोरी. जठरातल्या आम्लात कोणताही जंतू जगत नाही असे पूर्वी डॉक्टरच मानत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरने १९८४ मध्ये या जिवाणूचे पाणी स्वतः पिऊन दाखवले, त्याच्या जठराला सूज आली. मार्शल आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच हा जिवाणू कॅन्सर करणारा म्हणून पहिल्या वर्गात घातला होता.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, एकमेकांकडून लागतो. एका खोलीत सहा-सात माणसे, शौचालय कमी, पाणी अपुरे आणि अशुद्ध, अशा ठिकाणी तो जास्त पसरतो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात तो असतो. घाबरू नका. ज्यांच्या पोटात तो आहे त्यांतल्या शंभरात एक ते तीन जणांनाच पुढे कॅन्सर होतो. पण जठराच्या मुख्य भागाचे कॅन्सर पाहिले तर त्यांतल्या दहापैकी नऊंच्या मागे हाच जिवाणू असतो.

म्हणून आम्हाला वाटते की हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा तो माणुसकीच्या हक्काचा प्रश्न होता. आज नळ वस्तीत आला असेल, पण नळाची फुटकी जोडणी गटाराच्या शेजारून जात असेल तर तो हक्क अजून अर्धाच मिळाला आहे. जगात श्रीमंत देशांत जठराचा कॅन्सर गेल्या शंभर वर्षांत खूप घटला, आणि तो कोणत्या एका औषधाने घटला नाही. घरे मोकळी झाली, पाणी स्वच्छ झाले, फ्रीज आला, ताजे अन्न परवडू लागले, म्हणून घटला. ज्या घरांत हे बदल पोहोचले नाहीत, तिथे आजार राहिला.

दुसरे कारण मीठ. खारवून टिकवलेले अन्न, म्हणजे खारे मासे, मिठात ठेवून वाळवलेले मांस, खारट लोणची, पापड, हे रोज आणि भरपूर खाल्ले तर जठराच्या अस्तराला इजा होते आणि जिवाणूचे काम सोपे होते. आपल्या आज्या-पणज्या मांसाच्या चान्या करून ठेवत. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ताजे ज्यांना मिळू दिले नाही त्यांनी जे मिळाले ते टिकवून लेकरे जगवली. पण आज आठवडे बाजारात मेथी, पालक, शेवगा, टोमॅटो, पेरू मिळत असताना रोज सुकट आणि खारट लोणच्यावर भागवणे सोडता येईल. आपल्या नंदुरबारच्या मिरचीबद्दल सर्व जण विचारतात. तिखटाने पोट जळते हे खरे, पण मिरचीमुळेच कॅन्सर होतो असे पक्के सिद्ध झालेले नाही. मिठाबद्दलचा पुरावा जास्त भक्कम आहे. ठेचा खा, पण त्यातला मिठाचा खडा लहान करा.

तिसरे, बिडी-सिगारेट. ओढणाऱ्याला न ओढणाऱ्यापेक्षा हा धोका साधारण दीडपट असतो. मशेरी, गुटखा, चघळायची तंबाखू यांनी तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, म्हणून तिकडूनही सुटका नाही. चौथे, रोजची दारू. दर रविवारी विहारात आपण पाचवे शील म्हणतो. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आम्ही कोणाच्या घरात डोकावत नाही, पण जे शील आपण मोठ्याने म्हणतो ते आपल्या जठराचेही रक्षण करते, एवढे नक्की.

पाचवे, रक्ताचे नाते. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर धोका दोन ते तीनपट होतो. इथे चांगली बातमी आहे. दक्षिण कोरियात अशा रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांपैकी ज्यांच्या पोटात जिवाणू होता, अशा सुमारे १७०० जणांचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना जिवाणू मारणारे औषध दिले, अर्ध्यांना खोटी गोळी. नऊ वर्षांत औषध घेतलेल्यांपैकी १० जणांना जठराचा कॅन्सर झाला, खोटी गोळी घेतलेल्यांपैकी २३ जणांना. म्हणजे घरातल्या एका माणसाच्या मृत्यूनंतर बाकीच्यांचा धोका निम्म्याहून कमी करता येतो, आणि तोही थोड्या दिवसांच्या औषधाने.

याशिवाय वय चाळीस-पन्नासच्या पुढे, पुरुष असणे, पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झालेली असणे, बी-१२ शोषले न जाण्याचा जुना आजार, दुर्बिणीत अस्तर पातळ झालेले किंवा बदललेले दिसणे, याही धोक्याच्या गोष्टी आहेत. पुरुषांत हा आजार बायकांच्या जवळपास दुप्पट असतो. पण म्हणून बायकांनी निर्धास्त राहू नये. सर्वांना वाढून शेवटी उरलेले खाणारी बाई स्वतःची जळजळ कोणाला सांगतच नाही. "उपाशी राहिले म्हणून ॲसिडिटी झाली," एवढेच म्हणते.

गोळी फसवते कशी?

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या वाईट नाहीत. अल्सरमध्ये त्या जीव वाचवतात. पण त्या आम्ल कमी करतात, आणि आम्ल कमी झाले की कॅन्सरचा व्रणसुद्धा काही काळ वरून भरल्यासारखा होतो. जळजळ थांबते. माणसाला वाटते बरे झाले. आतला आजार मात्र थरावर थर उतरत राहतो. म्हणून गोळीने बरे वाटले, याचा अर्थ कॅन्सर नाही, असा होत नाही.

आमचे म्हणणे सोपे आहे. स्वतःच्या मनाने घेतलेल्या गॅसच्या गोळीला मुदत घाला. दोन आठवडे. त्यानंतरही त्रास राहिला किंवा गोळी बंद करताच परत आला तर मेडिकलकडे नाही, डॉक्टरकडे जा. आणि वय चाळीसच्या पुढे असेल व हा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झाला असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "दुर्बीण करायची का?"

पुढच्यापैकी एक जरी खूण असेल तर दोन आठवडेही थांबू नका. दोन घासांत पोट भरणे. कारण नसताना वजन उतरणे. वारंवार उलटी, किंवा उलटीत रक्त. डांबरासारखी काळी, चिकट शौच. गिळताना अडकणे. पोटात वरच्या बाजूला गाठ लागणे. आणि रक्त कमी होणे.

रक्ताबद्दल थोडे जास्त सांगतो. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तरी शौच काळी होते, म्हणून डॉक्टरांना गोळ्या चालू आहेत की नाही ते आधी सांगा. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे, कुपोषण आहे, त्यामुळे "रक्त कमी" हे वाक्य इतके नेहमीचे झाले आहे की कोणी थांबून विचारत नाही. चाळिशीच्या पुढचा पुरुष किंवा पाळी बंद झालेली बाई यांचे हिमोग्लोबिन नव्याने उतरले असेल तर नुसती गोळी देऊन घरी पाठवणे बरोबर नाही. ते रक्त पोटातून झिरपत असू शकते. आम्ही एकदा चुकलो, तुम्ही आम्हाला पुन्हा चुकू देऊ नका.

दुर्बिणीची भीती

लोक म्हणतात, नळी घशातून टाकतात, माणूस गुदमरतो. तसे नाही. सकाळी उपाशीपोटी जायचे, सहा ते आठ तास काही खायचे नाही. घशात बधिर करणारा फवारा मारतात. डाव्या कुशीवर झोपवतात. दातांत प्लास्टिकचे कडे ठेवतात. बोटाएवढी नळी आत जाते, ओकारी आल्यासारखे होते, पण श्वास चालू राहतो, कारण श्वासाची वाट वेगळी आहे. पाच-दहा मिनिटांत काम संपते. संशय वाटला तर तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे घेतात, ते दुखत नाही. घशाचा बधिरपणा गेला की खायचे आणि घरी यायचे.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही सर्वांत घातक अफवा. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हेच कळत नाही. या अफवेने जितकी माणसे घरी बसवली तितकी भीतीनेही बसवली नसतील. आणि डोंगरातल्या भगताकडे धागा बांधायला जाणाऱ्यांना एवढेच विचारतो, बाबासाहेबांनी आपल्याला ज्या वाटेवर आणले ती वाट पुरावा मागण्याची आहे ना?

दुर्बिणीच्या वेळीच एच. पायलोरीची तपासणी करायला सांगा. ती श्वासातून किंवा शौचातूनही होते. त्याआधी गॅसची गोळी निदान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावे लागते, नाहीतर जिवाणू असूनही सापडत नाही. मात्र गोळी डॉक्टरांना विचारूनच बंद करा. जिवाणू निघाला तर साधारण १४ दिवस दोन-तीन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी असा कोर्स असतो. चार दिवसांत बरे वाटले म्हणून अर्ध्यात सोडला तर जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो. पूर्ण करा, आणि महिन्याभराने तो गेला का हे पुन्हा तपासा.

आम्ही काय मागतो?

गावातल्या सगळ्यांची दुर्बीण करा, असे आम्ही म्हणत नाही. दक्षिण कोरियात चाळीस वर्षांवरील प्रत्येकाला दर दोन वर्षांनी तपासणी मिळते, कारण तिथे हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त आहे. पण त्या देशाची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९९९ मध्ये त्यांनी हा मोफत कार्यक्रम सुरू केला तो आधी गरीब कुटुंबांसाठी. आपल्याकडे नवी तपासणी आधी शहरातल्या पैसेवाल्यांना मिळते आणि वस्तीपर्यंत शेवटी पोहोचते.

आपल्या आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील लोकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी ठरलेली आहे. ती जरूर करून घ्या. जठर त्यात नाही. आमची मागणी अशी की आशाताई आणि आरोग्यसेविका घरी येतात तेव्हा दोन प्रश्न जास्त विचारावेत. गॅसची गोळी किती दिवसांपासून चालू आहे? घरात कोणी पोटाच्या कॅन्सरने गेले आहे का? या दोन प्रश्नांना पैसा लागत नाही.

दुसरी मागणी. ज्यांना धोका जास्त आहे त्यांना दुर्बिणीची तारीख चिठ्ठीवर लिहून मिळावी. तळोद्याच्या सरकारी दवाखान्यातून दिलेल्या चिठ्ठीवर नंदुरबारला कोणत्या वारी, किती वाजता, कोणाकडे जायचे हे असावे. तापी ओलांडून गेलेल्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते. "आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या" हे एकदा ऐकले की तो पुन्हा जात नाही, गॅसची गोळी घेतो. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे आहे. इमारती उभ्या आहेत. आता वस्तीपासून त्यांच्या दारापर्यंतची वाट सरळ करायची आहे.

तिसरी मागणी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी यांसाठी तिचा मोठा आधार आहे. पण तिचा हिशेब मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाच्या ठरलेल्या उपचारांपासून सुरू होतो. कॅन्सर आहे की नाही हे शोधण्याच्या टप्प्यावर खासगीत गेलेल्या गरिबाला खिशातूनच द्यावे लागतात. उशिरा सापडलेल्या आजारावर लाखो खर्चायला सरकार तयार आहे, तर लवकर शोधायच्या दुर्बिणीचे काही हजारही त्यात धरावेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत, हेही लक्षात ठेवा आणि तिथे हक्काने विचारा. योजनेच्या रुग्णालयात गेलात तर आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा. रेशनकार्ड आणि आधार घरात एकाच पिशवीत ठेवा.

असे करून काही होते का? होते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगावी फिरून लोकांना कॅन्सरची लक्षणे समजावत होते. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या. तो अवयव वेगळा, पण गाव आपल्यासारखेच, ऊन आपल्यासारखेच, मजुरी आपल्यासारखीच. माहिती दारापर्यंत गेली आणि टप्पा बदलला.

विहारात करण्याचे काम

या वर्षावासात प्रत्येक विहाराने एका रविवारी ग्रंथवाचनानंतर अर्धा तास द्यावा. महिला मंडळाने पुढाकार घ्यावा. वस्तीत कोणाच्या घरी आई, वडील, भाऊ, बहीण पोटाच्या कॅन्सरने गेले, त्या घरांशी शांतपणे बोलावे. नावे फलकावर नकोत, चर्चा नको. फक्त त्या घरातल्या मोठ्या माणसांना एच. पायलोरीची तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दुर्बीण करायला सोबत न्यावे. एकटा माणूस जायला घाबरतो, चौघे निघाले की जातो. ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला जाणाऱ्यांनी निघण्याआधी तपासून घ्यावे, कारण एकदा गाव सोडले की सहा महिने आजार अंगावर काढला जातो.

ज्यांचे उपचार झाले आहेत त्यांना विसरू नका. जठर काढलेला माणूस पोटभर ताट संपवू शकत नाही. त्याला थोडे थोडे पण वारंवार, दाणे, अंडी, डाळ, मासे असे सत्त्व असलेले द्यावे लागते. लग्नात "अजून घ्या" म्हणून आग्रह करू नका. त्याच्या बी-१२ च्या इंजेक्शनची आणि पुढच्या दुर्बिणीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. कॅन्सरचा भाग दुर्बिणीतून काढला आणि जठर राहिले, तरी त्यात जिवाणू असेल तर त्याचे औषध घेतल्याने नवा कॅन्सर होण्याचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखालीही येते, असे जपान आणि कोरियातल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून "ऑपरेशन झाले, संपले" असे समजू नका.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडला होता आणि तो इतरांच्या कामाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंत आणि आनंद यांनी स्वतः पाणी आणून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून समजावले की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील, आणि माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. ही कथा आपण अनेकदा ऐकली आहे. तिच्यातला आजार पोटाचा होता, हे मात्र आपण विसरतो.

थोरल्या भावाच्या वेळी आपण सगळे उशिरा पोहोचलो. धाकट्याच्या वेळी दोन महिने मागे लागलो म्हणून पोहोचलो. शेजारच्या घरातल्या गॅसच्या पट्टीकडे आजपासून नीट बघा. ती तिसऱ्या आठवड्यातही चालू असेल तर त्या दादांच्या, मावशींच्या मागे लागा. ते चिडतील. लागू द्या राग.

जयभीम.